भिंतीवरच्या मुंग्या

२० एप्रिल १९६२. बॉस्टन विद्यापीठातलं मार्श चॅपल. वरच्या मोठ्या सभागृहात गुड फ्रायडेची प्रार्थना चालू आहे आणि खाली तळघरातल्या छोट्या चॅपलमध्ये धर्मशास्त्र शिकणारी वीस मुलं बसली आहेत. वर हॉवर्ड थर्मन प्रवचन देतायत, खाली ते स्पीकरवरून ऐकू येतंय. त्याआधी प्रत्येकाने एक कॅप्सूल गिळलीय. दहा जणांच्या कॅप्सूलमध्ये सायलोसायबिन आहे, म्हणजे काही जातींच्या अळंब्यांमध्ये सापडणारं रसायन. उरलेल्या दहा जणांना मिळालंय निकोटिनिक ॲसिड. हा ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. त्याने अंग तापतं, चेहरा लाल होतो, आणि थोडा वेळ माणसाला वाटतं की आपल्यालाच 'खरी' गोळी मिळालीय.

प्रयोग करणारा होता वॉल्टर पान्के. शिकून डॉक्टर झालेला, धर्मशास्त्राचीही पदवी घेतलेला, आणि आता हार्वर्डमध्ये पीएचडी करणारा. त्याचा प्रश्न सरळ होता. संतांनी वर्णन केलेला अनुभव, म्हणजे मी-तू हा भेद विरघळणं, काळाचं भान सुटणं, शब्दात न सांगता येणारा आनंद, हे सगळं एका कॅप्सूलमधून मिळू शकतं का? उत्तर बरंचसं 'हो' असं आलं. सायलोसायबिन मिळालेल्या बहुतेकांनी तसाच अनुभव सांगितला, दुसऱ्या गटात जवळजवळ कोणीच नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातल्या सेटअपचीच गंमत वाटली. आमच्याकडे ॲपमधलं बटण निळं ठेवायचं की हिरवं, यासाठी ए/बी टेस्ट करतात. इथे देवासाठी केलेली. आणि आमच्या बऱ्याच टेस्टप्रमाणे तीही पूर्ण स्वच्छ नव्हतीच. कोणाला काय दिलंय हे गुपित राहायला हवं होतं, पण थोड्याच वेळात अख्ख्या खोलीला कळलं. काही जण बाकावर आडवे झाले होते, काही पुटपुटत होते, आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत बसले होते.

आणखी एक गोष्ट पान्केने प्रबंधात लिहिलीच नाही. ती बाहेर आली १९९१मध्ये, रिक डॉब्लिन नावाच्या संशोधकाने त्यातल्या बहुतेकांना शोधून पुन्हा मुलाखती घेतल्या तेव्हा. सायलोसायबिन घेतलेला एक मुलगा उठून बाहेर रस्त्यावर गेला होता. मसीहा येतोय ही बातमी जगाला सांगायची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी त्याची खात्री झाली होती. त्याला धरून आणून शांत करणारं इंजेक्शन द्यावं लागलं. त्याच डॉब्लिनने हेही नोंदवलं, की पंचवीसेक वर्षांनंतरही सायलोसायबिन घेतलेले लोक त्या दिवसाला आपल्या धार्मिक आयुष्यातला खरा, मोलाचा दिवस मानत होते.

मग तळघरात त्या दिवशी देव आला होता का?

कॉलेजात असताना मी याचं उत्तर अर्ध्या सेकंदात दिलं असतं. गोळीमुळे दिसलं म्हणजे खोटं, विषय संपला. आता तसं देत नाही. त्याला कारण आमचे आबा.

आबा म्हणजे माझे आजोबा. माळशिरस तालुक्यातले. ज्वारी, थोडा ऊस, दोन म्हशी, आणि गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली की मांसमच्छी, दारू, तंबाखू सगळं बंद. आबांनी तर चहासुद्धा बेतानेच घेतला. एकतीस वेळा ते आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. गावातले बरेच जण पालखी जवळ आली की तिच्यात सामील होतात, कारण ती आमच्या तालुक्यातूनच जाते. आबा तसं करत नसत. आधी एसटीने आळंदी गाठायची आणि मग तिथून पायी. आपल्या गावावरून चालत जाताना घरी डोकावायचे, भाकरी खायचे आणि पुन्हा दिंडीत.

शेवटची चार महिने ते आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये होते. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला होता. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, रात्रीसुद्धा. गजर लावायचं काम माझ्याकडे होतं, कारण तसाही मी रात्री अमेरिकेतल्या टीमबरोबर जागाच असायचो.

एका पहाटे आबा बोलायला लागले, पण आमच्याशी नाही. कपाटाकडे बघून हात जोडलेले, चेहरा असा उजळलेला की आईने मला हलवून उठवलं. आत्या तेव्हा आलेली होती. ती खालीच बसली आणि रडायला लागली. "दर्शन झालं आबांना," ती म्हणाली. दुपारपर्यंत गावात फोन गेले. संध्याकाळी भजनी मंडळातले दोघे जण एसटीने आले आणि आबांच्या पायावर डोकं ठेवून गेले.

मी गप्प होतो. माझ्याकडे आदल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट होता, त्यात क्रिएटिनिन वाढलेलं. मॉर्फिनचं शरीरात विघटन होतं तेव्हा जे पदार्थ तयार होतात, ते मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मूत्रपिंड थकलं की ते साचतात, आणि साचले की माणसाला नसलेल्या गोष्टी दिसू शकतात. मी डॉक्टरांना फोन केला होता. सकाळी गोळी बदलू, ते म्हणाले होते. पण आत्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

रात्री सगळे झोपल्यावर मीच आबांना विचारलं.

"आबा, पहाटे काय दिसलं तुम्हाला?"

"इठोबा. हितंच, कपाटापाशी. कमरंवर हात."

"काही म्हणाला?"

"न्हाई. हुबा व्हता नुसता." मग थोड्या वेळाने, "आरं, त्या भितीवर मुंग्या किती झाल्यात बघ. रांगच्या रांग."

मी मोबाइलचा टॉर्च लावून भिंत पाहिली. "मुंग्या नाहीत, आबा."

"एक बी न्हाई?"

"एकही नाही."

ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग त्यो बी न्हवता. गोळीचं हाय समदं. डाक्टरला सांग."

मला धक्का बसला तो माझाच. घरातला एकमेव नास्तिक मी, आणि आबांच्या त्या वाक्याने वाईट मलाच वाटलं. मी वकिली करायला लागलो. "पण आबा, विठोबा दिसला तर चांगलंच आहे की. मुंग्यांचं सोडा."

"दिसण्याचं काय," आबा म्हणाले, "द्येवळात रोज दिसतोय की. आमी चालाय जातो."

औषध बदललं. दोन दिवसांत मुंग्या गेल्या, विठोबाही गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी आबा गेले. पुन्हा काही दिसल्याचं त्यांनी सांगितलं नाही आणि त्याची हळहळही केली नाही. आत्या आजही सांगते की आबांना दर्शन झालं होतं. मी आजही तिला काही सांगितलेलं नाही.

* * *

वरवर बघता आबांचं आणि माझं उत्तर एकच होतं: गोळीचा परिणाम. पण ते आलं दोन वेगळ्या वाटांनी. मी रिपोर्ट बघून ठरवलं, की कारण रासायनिक आहे म्हणून अनुभव खोटा. आबांनी कारण विचारलंच नाही. त्यांनी एक गोष्ट तपासून पाहिली, शेजारच्या माणसाची साक्ष काढली, ती जुळली नाही, मग दुसरीही सोडून दिली.

माझ्या वाटेतली गफलत विल्यम जेम्सने १९०२मध्येच दाखवली आहे, 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पिरियन्स' या पुस्तकात. जेम्स हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ. त्याने स्वतः नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्य वापरतात तो वायू, हुंगून पाहिला होता आणि त्यावर गंभीरपणे लिहिलंही. त्याचं म्हणणं असं, की एखाद्या संताचा साक्षात्कार हा मेंदूतला बिघाड होता असं म्हणून निकालात काढायचा असेल, तर नास्तिकाचा नास्तिकपणाही त्याच न्यायाने निकालात काढावा लागेल. तोही मेंदूतूनच येतो. मी हे वाक्य लिहितोय तेही मेंदूतल्या रसायनांमुळे, आणि सकाळच्या दोन कप कॉफीमुळे. विचार कुठून आला यावरून तो खरा की खोटा ते ठरत नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर स्टॅक ट्रेसमधून व्हॅल्यू कुठून आली ते कळतं. ती बरोबर आहे का, हे टेस्ट सांगते. जेम्सची टेस्ट होती फळ: त्या अनुभवानंतर माणूस जगतो कसा?

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. माझा एक सहकारी दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर कोडाईकनालला जाऊन आला. तिथल्या डोंगरात मिळणाऱ्या अळंब्यांबद्दल आयटीतल्या अनेकांनी ऐकलेलं असतं. आपल्याकडे सायलोसायबिन बेकायदेशीर आहे, एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे, तरी लोक जातात. हा परत आला तो वेगळाच. जेवायच्या सुट्टीत त्याने मला सांगितलं, की झाडं, दगड, तो आणि त्याच्या वारलेल्या वडिलांचा आवाज, सगळं एकच होतं. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. या माणसाला मी आठ-आठ तासांच्या प्रॉडक्शन आउटेजमध्येही शांत पाहिलंय. तो खोटं बोलत नव्हता.

काय घडतं ते थोडंफार कळलेलं आहे. सायलोसायबिनचं शरीरात सायलोसिन होतं. त्याचा रेणू सेरोटोनिनसारखा दिसतो, त्यामुळे मेंदूतल्या सेरोटोनिनच्या काही ग्राहींवर जाऊन बसतो. मेंदूच्या ज्या भागांचं जाळं एरवी 'मी, माझं, माझं काल, माझं उद्या' हे गुणगुणत असतं, त्याचा ताळमेळ सुटतो. 'मी'चा आवाज बसतो. पण यातून मित्राचं 'सगळं एकच आहे' हे वाक्य सिद्धही होत नाही आणि खोडलंही जात नाही.

या प्रश्नावर मोठमोठी माणसं भांडली आहेत. अल्डस हक्सलीने १९५३मध्ये मेस्कलिन घेतलं आणि पुढच्या वर्षी 'द डोअर्स ऑफ परसेप्शन'मध्ये लिहिलं, की संत जे बघतात त्याच दिशेचं काहीतरी आपल्याला दिसलं. ऑक्सफर्डमध्ये पौर्वात्य धर्म शिकवणारे आर. सी. झेनर यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी स्वतः मेस्कलिन घेऊन पाहिलं. त्यांना कुठलाही देव दिसला नाही, सगळं हास्यास्पद वाटलं. तेच रसायन आणि दोन माणसं. एकाला कपड्याच्या चुण्यांमध्ये अनंत दिसलं, दुसऱ्याला हसू आलं. म्हणजे रसायन एकटं काही करत नाही. माणूस काय घेऊन आलाय, कुठे बसलाय, शेजारी कोण आहे, यावर बरंच ठरतं. पान्केने प्रयोग चर्चमध्ये, गुड फ्रायडेलाच का केला, त्याचं उत्तर यातच आहे.

* * *

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात डोंगरावर वाउत्ला दे हिमेनेझ नावाचं गाव आहे. तिथे मारिया साबिना नावाची माझातेक जमातीची बाई राहत होती. लिहिता-वाचता न येणारी, दोनदा वैधव्य आलेली, आणि गावाची वैदू. कोणी आजारी पडलं, की ती रात्री अंधारात अळंबी खायची आणि पहाटेपर्यंत गात राहायची. त्या अळंब्यांना ती लेकरं म्हणायची, पवित्र लेकरं. १९५५मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर तिच्याकडे आला आणि तिच्या रात्रीच्या विधीत बसला. मे १९५७मध्ये त्याचा लेख 'लाइफ' साप्ताहिकात छापून आला. मग काय, साठच्या दशकात जगभरचे तरुण त्या डोंगरावर चढायला लागले. गावाची शांतता गेली, पोलीस आले, गावकरी मारिया साबिनावर उलटले, तिचं घर जाळलं गेलं.

तिने नंतर आपली कहाणी सांगितली, तिच्या भागातल्याच एका लेखकाने ती लिहून घेतली. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणते, वॉसनच्या आधी नुसता देव शोधायला म्हणून कोणी लेकरं खाल्ली नव्हती. ती खायची ती आजारी माणसाला बरं करायला. आणि परके आल्यापासून लेकरांची ताकद गेली.

हे वाचल्यावर मला एकदम आबांचं 'दिसण्याचं काय' आठवलं. दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. एक अळंबी खाऊन रात्रभर गाणारी, दुसरा चहासुद्धा मोजून पिणारा. पण अनुभव हा मुद्दामहून मिळवायचा ऐवज आहे, हे दोघांनाही मान्य नव्हतं. तिच्यापुढे आजारी माणूस होता. आबांपुढे वाट होती, पालखीचं वेळापत्रक होतं, दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांचं ओझं होतं. वारी करून मंदिरातल्या रांगेत न लागता नुसतं कळसाला हात जोडून परत फिरणारे वारकरी कितीतरी असतात. आबाही अनेकदा तसेच परतले होते.

आपल्याकडे तर याचं आणखी जुनं उदाहरण आहे. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात ११४ सूक्तं आहेत, आणि ते अख्खं मंडल सोमाचं आहे. वनस्पती दगडांनी कुटायची, रस लोकरीच्या गाळणीतून गाळायचा, दुधात मिसळायचा. पिणाऱ्यांना काहीतरी मोठं होत होतं यात शंका नाही. पण ती वनस्पती कोणती, ते आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही. वॉसननेच १९६८मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की ती पांढऱ्या ठिपक्यांची लाल अळंबी. इतर अनेक अभ्यासक एफेड्राकडे बोट दाखवतात, कारण पारशी-झरथुष्ट्री परंपरेत हओम म्हणून तेच झुडूप वापरलं जातं. वाद अजून चालू आहे.

मला त्या वादापेक्षा पुढची गोष्ट जास्त नवलाची वाटते. सोम मिळेनासा झाला तेव्हा याज्ञिकांनी यज्ञ बंद केला नाही. ब्राह्मणग्रंथांमध्येच पर्यायी वनस्पती सांगितल्या आहेत: हे नसेल तर ते घ्या. आजही सोमयाग होतात आणि त्यात कुटतात ती दुसरीच वेल, जिने कोणाला काही चढत नाही. लायब्ररी गेली, तिच्या जागी स्टब टाकला, आणि इंटरफेस काही हजार वर्षं तसाच चालतोय. यावर 'मग उरलं काय, पोकळ कवायत' असं कोणी म्हणेल. कदाचित बरोबरही असेल. पण मला वाटतं, कुटणं, गाळणं, एकत्र बसणं, नेमून दिलेलं काम करणं, यातच त्यांना टिकवण्यासारखं काहीतरी दिसलं असणार.

ह्यूस्टन स्मिथ हा धर्मांचा अभ्यासक. मार्श चॅपलच्या त्या प्रयोगात तोही होता, आणि त्याला मिळाली होती खरी कॅप्सूल. आपला त्या दिवसाचा अनुभव त्याने कधी नाकारला नाही. पण १९६४मध्ये त्याने लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की ही द्रव्यं धार्मिक अनुभव देऊ शकतात. धार्मिक आयुष्य देतात का, हे मात्र तितकं स्पष्ट नाही. माझा कोडाईचा मित्र पुढचे दोन महिने आईला रोज फोन करत होता. नंतर रिलीज आली, फोन आठवड्यावर गेला, मग महिन्यावर. तो वाईट आहे असं नाही. त्या अनुभवाला बांधून ठेवायला त्याच्याकडे दिंडी नव्हती, एवढंच.

* * *

इथे थांबलो असतो तर सोपं झालं असतं: अळंबी वाईट, वारी चांगली. पण आबांची ती चार महिने मी पाहिली आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी २००६मध्ये ३६ जणांवर सायलोसायबिनचा काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांमध्ये गणला. जवळपास एक तृतीयांश लोकांना मधल्या काळात जबरदस्त भीतीही वाटली, तेही नीट तयारी करून, शेजारी जाणकार माणसं बसवून. मग २०१६मध्ये त्याच गटाने कॅन्सर झालेल्या, मरणाच्या भीतीने खचलेल्या ५१ जणांना हेच औषध दिलं. सहा महिन्यांनंतरही त्यातल्या बहुतेकांची चिंता आणि उदासी लक्षणीय कमी होती. आणि ज्यांना तो एकत्वाचा अनुभव जास्त आला, त्यांना आराम जास्त पडला होता.

आबांना भीती नव्हती. कदाचित एकतीस वाऱ्यांत ती झिजून गेली असेल. पण त्याच वॉर्डात मी इतरही माणसं पाहिली. शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ, रिटायर्ड कारकून, रात्रभर दिवा मालवू देत नसत. त्यांच्याकडे वारी नव्हती, देव नव्हता, भजनी मंडळ नव्हतं. त्यांना 'तुम्ही आयुष्यभर चालायला हवं होतं' असं सांगणार का? त्यांच्यापुढे एखादी कॅप्सूल असती आणि शेजारी रात्रभर बसणारं माणूस असतं, तर मी ती द्या असंच म्हणालो असतो. मारिया साबिनाही बहुधा तेच म्हणाली असती. आजारी माणूस समोर आहे, तर लेकरं खायची.

मित्राचा डिसेंबरचा प्लॅन ठरतोय. "येतोस का? इतकं वाचतोस, एकदा बघ तरी," असा त्याचा मेसेज आहे. मी नाही म्हणालो. "घाबरतोस?" त्याने विचारलं. थोडा घाबरतो, हेही खरं. पण मुख्य म्हणजे आत्ता माझ्याकडे घेऊन जाण्यासारखं काही नाही. दोन दिवसांची सुट्टी आणि कुतूहल, एवढंच. कुतूहलासाठी पुस्तकं पुरतात.

गेल्या आषाढात मी पुण्याहून सासवडपर्यंत पालखीबरोबर चाललो, दिवे घाटाने. आबांच्या दिंडीतल्या लोकांनी ओळखलं, पाठीवरची सॅक काढून ट्रकमध्ये टाकायला लावली. मला काहीही झालं नाही. विठोबा दिसला नाही, भान हरपलं नाही, टाचेला दोन फोड आले आणि घाटात एका आजींची पिशवी धरावी लागली. यंदा जमलं तर पुढचा टप्पाही चालायचा विचार आहे.

आणि आणखी चाळीस वर्षांनी मीही असाच खाटेवर असलो, तोपर्यंत कायदा बदललेला असला आणि डॉक्टरांनी विचारलं, तर बहुतेक हो म्हणेन. फक्त त्या रात्री शेजारी कोणीतरी असावं, ज्याला मी विचारू शकेन की भिंतीवर मुंग्या आहेत का, आणि जो टॉर्च लावून खरोखर बघून सांगेल.